सावादा-सान, भांडण अर्धंच राहिलं

सावादा-सान, तुम्ही गेल्याचा फोन तुमच्या पत्नीने, फुमिको-साननी सकाळी केला, आणि दुपारी मी ओजिमा स्टेशनसमोरच्या कोंबिनीत, त्या सदा उघड्या छोट्या दुकानात, पैसे घालून द्यायच्या पाकिटांच्या त्याच रॅकपुढे उभी होते. शेजारी कुणी भाताचे त्रिकोण घेत होतं, कुणी विजेचं बिल भरत होतं. मी मात्र वरच्या ओळीतल्या लाल-सोनेरी दोरीच्या पाकिटांकडे आणि खालच्या ओळीतल्या काळ्या-चंदेरी दोरीच्या पाकिटांकडे आळीपाळीने बघत होते, आणि मला हसू येत होतं. रडू यायला हवं होतं. ते घरी गेल्यावर आलं.

आठ वर्षांपूर्वी याच रॅकने माझी पार फजिती केली होती. ती गोष्ट तुम्हाला सांगायची गरज नाही. तुम्हीच ती दर नव्या माणसाला ऐकवायचात, आणि दर वेळी तिखट-मीठ जरा वाढलेलंच असायचं. म्हणून आज एकदा मी माझ्या बाजूने सांगते.

मला जपानला येऊन तीन महिने झाले होते. निखिलची बँकेतली बदली, त्याच्या मागोमाग आलेली बायको, एवढीच तेव्हा माझी ओळख. पुण्यात जपानीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा माझा समज होता. तेवढ्यात इथल्या मराठी मंडळींनी तुमचा सत्कार करायचा ठरवलं. इथे घर भाड्याने घ्यायला जामीन लागतो, आणि नवीन आलेल्या माणसाला तो कोण देणार? कोतो वॉर्डातल्या कितीतरी भारतीय घरांसाठी तुम्ही आपण होऊन जामीन राहिला होतात. सत्कार म्हणजे शाल, श्रीफळ आणि पाकीट. शाल पुण्याहून आली, नारळ भारतीय दुकानातून आला, पाकीट आणायचं काम माझ्याकडे. मी रॅकवरचं सगळ्यात देखणं पाकीट उचललं. पांढराशुभ्र कागद, काळी-चंदेरी दोरी, काय ती गाठ! लाल-सोनेरी मला जरा भडक वाटली होती. छापलेली अक्षरं वाचता आली नाहीत, आणि विचारायची लाज वाटली.

सभागृहात पुढच्या रांगेत दूतावासातले एक अधिकारी, वॉर्डाच्या कचेरीतली माणसं आणि तुमचे जुने सहकारी बसले होते. दोन लोकशाही देशांच्या मैत्रीवर तीन भाषणं झाली होती आणि तिसऱ्यात तुम्ही चक्क डुलकी काढली होती. मग शाल झाली, श्रीफळ झालं, आणि मी जरीची साडी सावरत पुढे येऊन दोन्ही हातांनी तुम्हाला ते पाकीट दिलं. आमची माणसं टाळ्या वाजवत होती. तुमची माणसं श्वास रोखून बसली होती. ते पाकीट मयताचं होतं, गेलेल्या माणसाच्या घरच्यांना पैसे द्यायचं. एवढ्यावर भागलं नाही. देणाऱ्याचं नाव लिहायची जी जागा असते, तिथे मी सुवाच्य अक्षरात तुमचंच नाव लिहिलं होतं.

तुम्ही ते पाकीट कपाळापर्यंत नेलंत आणि माइकपाशी गेलात. जपानीत म्हणालात, "हे पाकीट कुठल्याच माणसाला स्वतःच्या हातांनी घेता येत नाही. मला मिळालं. आणि बघा, पहिलं पाकीट मीच मला दिलंय." आधी फुमिको-सान हसल्या, त्या हसल्या म्हणून बाकीचे हसले. आम्हाला काहीच कळलं नव्हतं, पण आम्हीही हसलो. मग आमच्याकडे वळून तुम्ही मराठीत विचारलंत, "आपण जेवलात का?" मुंबईच्या पोस्टिंगवर असताना दादरच्या ज्या बाईंकडे तुम्ही पेइंग गेस्ट होतात, त्या तुम्हाला रोज हेच विचारायच्या. त्यामुळे तुमचं मराठी कायम तिथूनच सुरू व्हायचं. पुढे मी तुम्हाला हा प्रश्न मंत्र्यांना, कस्टमच्या माणसांना आणि एकदा तर टॅक्सीत बसता बसता टॅक्सीवाल्यालाही विचारताना पाहिलं.

मला खरं काय ते सोमवारी कळलं. तुम्ही मला ऑफिसात बोलावलंत, दार लोटून घेतलंत आणि मग सांगितलंत. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तुम्ही चहा पुढे सरकवलात. म्हणालात, "मयताच्या पाकिटात कोऱ्या नोटा घालत नाहीत, केतकी-सान. कोऱ्या नोटा म्हणजे माणूस जाणार हे धरून आधीच बँकेत जाऊन आल्यासारखं होतं. तुमच्या सगळ्या नोटा कोऱ्या होत्या. म्हणजे एक तर तुम्ही माझ्या मरणाची तयारी करून ठेवली होती, नाहीतर आत शुभकार्य होतं आणि बाहेर चूक. मी दुसरं धरून चालतोय." आणि त्याच दमात विचारलंत, "नोकरी करणार का?"

दोन खोल्यांचं ते ऑफिस! सांगलीकडचे बेदाणे इकडे आणायचे, आणि पुण्याच्या कारखान्यांना लागणारे बोटाएवढे सुटे भाग तिकडे पाठवायचे. मोठ्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर तुम्ही हे हौसेने सुरू केलं होतं. सत्काराची शाल तुमच्या खुर्चीवर असायची आणि थंडीत ती फुमिको-साननी दिलेल्या स्वेटरच्या वरून तुमच्या खांद्यांवर यायची. नारळ कपाटावर कितीतरी दिवस तसाच. फोडायचा असतो हे तुम्हाला ठाऊक होतं, पण मिळालेलं मानचिन्ह फोडायचं कसं, असा तुमचा पेच. शेवटी मी तो उंबऱ्यावर आपटून फोडला, तेव्हा खालच्या मजल्यावरचे आजोबा भूकंप झाला का ते बघायला वर आले. तुम्ही त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवलात आणि विचारलंत, जेवलात का, तेही मराठीत.

कोणाला कुठे बसवायचं, कार्ड कसं घ्यायचं, समोरचा गप्प बसला की आपण किती वेळ गप्प बसायचं, हे सगळं मी तुमच्याकडे शिकले. तुम्ही म्हणायचात की करारावरच्या सह्या मोठ्या हॉटेलात होतात, पण त्या टिकणार की नाही ते आपल्या इमारतीखाली कचरा ठेवायच्या जागेपाशी ठरतं. नुसतं म्हणायचा नाहीत. नवं भारतीय कुटुंब राहायला आलं की पहिल्या सोमवारी सकाळी तुम्ही तिथे हजर! कुठली बाटली कुठल्या टोपलीत, तिचं झाकण कुठे, सगळं एकदा तुम्ही करून दाखवायचात. शाळा सुटली की आमची लेक ईरा ऑफिसात यायची. मी मराठीत बोलले की ती जपानीत उत्तर द्यायची, आणि ती जपानीत बोलली की तुम्ही मराठीत. "ओजीसान, नीट बोला ना," असं ती तुम्हाला जपानीत रागवायची. तुम्ही म्हणायचात, "आधी तू."

आता भांडणाकडे येते. टाळून चालणार नाही, तुम्हीच मला टाळू दिलं नसतंत.

नोव्हेंबरात आप्पा आले होते. तासगावकडच्या बेदाणा उत्पादकांच्या गटाचे आमचे आप्पा, स्वेटरवर कोट आणि कोटावर मफलर. केक-बिस्किटं करणाऱ्या एका कंपनीत आपण तिघं नमुने घेऊन गेलो. त्यांच्या तपासणी विभागातल्या बाईंनी एक पांढरा कागद टेबलावर सरकवला. त्यावर दोन देठ होते. तांदळाच्या दाण्याएवढे. आपल्या नमुन्यात सापडलेले. आप्पांचा चेहरा उतरला. मग त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ताई, ह्यांना सांगा. पुढल्या खेपेला एक देठ जरी गावला, तरी अख्खा माल परत लावा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. शब्द आहे माझा."

आणि मी जपानीत म्हणाले, "देठांचं प्रमाण कमी करण्याचा ते पूर्ण प्रयत्न करतील."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला दोन्ही वाक्यं कळली होती. त्या खोलीत दोन्ही कळणारे आपण दोघंच होतो. बाईंनी मान डोलावली, ऑर्डर दिली, पण चाचणीपुरती, छोटी. आप्पांना हॉटेलवर सोडून आपण ओजिमाला उतरलो. ऑफिसच्या जिन्यापाशी तुम्ही थांबलात. "आप्पांनी दिलेला शब्द कुठे गेला?"

"मी वाचवला तो," मी म्हणाले. "शेतातला माल आहे, सावादा-सान. एकही देठ नाही असं होतं का कधी? पुढच्या खेपेला एक सापडला की हेच लोक आप्पांना खोटारडे म्हणतील."

"शब्द त्यांचा होता. पाळायचा की मोडायचा, तेही त्यांचंच होतं. तुम्ही तो वाटेतच कापलात. समोरच्या बाईंना कधी कळलंच नाही की एक माणूस छातीवर हात ठेवून काय म्हणाला."

माझं डोकं फिरलं. "आणि मोडला असता तर? मग आप्पा एकटे खोटे ठरत नाहीत. ‘भारतीय असेच असतात’ म्हणतात, आणि ते मला ऐकावं लागतं. ईराच्या शाळेत, कचऱ्याच्या जागेपाशी, लिफ्टमध्ये. तुम्हाला कोण काय म्हणणार? तुम्ही तर दोन्हीकडचे पाहुणे!"

तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "मग तुम्ही दुभाषी नाही, केतकी-सान. वकील आहात." आणि जिना चढून गेलात.

‘दोन्हीकडचे पाहुणे’ हे तुम्हाला लागलं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. ज्या माणसाने दोन्ही घरं आपली मानली, त्याला मी दोन्ही घरांच्या दाराबाहेर उभं केलं. त्यानंतर तुम्ही माझ्याशी इतकं सभ्यपणे वागलात की मला रोज रडावंसं वाटायचं. "आज बरीच मदत झाली." "सावकाश जा." ऑफिसातल्या कुणाही माणसाला म्हणतात ते सगळं तुम्ही मला म्हणायचात. जेवलात का, हे विचारणं मात्र बंद झालं. मीही हट्टी. ‘चुकलं’ म्हणायला तयार नव्हते, कारण मला अजूनही वाटत होतं की चुकलेलं नाही. बोलायला नको होतं ते बोलले, पण म्हणणं बरोबर होतं. या दोन गोष्टी वेगळ्या करून कशा सांगायच्या ते मला मराठीतही जमलं नाही, मग जपानीत कुठलं जमायला.

मग जानेवारीत तुम्हाला दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला आले, तेव्हा खिडकीबाहेर गिंकोची झाडं निष्पर्ण उभी होती आणि आपण दोघं एकमेकांना न बघता त्या झाडांविषयी बोलत बसलो. निघताना मी कोट घालत होते आणि पाठमोरी असतानाच ऐकू आलं, मराठीत, "जेवलात का?"

मी वळले. तुम्ही हसत होता. नाकातली नळी जरा सरळ केलीत आणि जपानीत म्हणालात, "पुढच्या गुरुवारी या. वेळ काढून या. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि माझ्याकडे नवा मुद्दा आहे."

"माझ्याकडे पण आहे," मी म्हणाले. खरं तर नव्हता. पण घरी जाताना ट्रेनमध्ये मी तीन मुद्दे काढले. निखिलला ऐकवले. तो म्हणाला, "अगं, पेशंटला भेटायला चाललीयेस की कोर्टात?" मला किती हलकं वाटत होतं ते त्याला कळलं नसावं. माणूस भांडायला बोलावतो म्हणजे त्याने आपल्याला परत घरात घेतलेलं असतं.

गुरुवार यायच्या आत तुम्ही गेलात. तुमचा नवा मुद्दा काय होता, सावादा-सान? मी फुमिको-सानना विचारलं. त्यांनाही सांगितला नव्हतात.

तर मी त्या रॅकवरून पाकीट घेतलं. या वेळी बरोबर, काळ्या-चंदेरी दोरीचं. देणाऱ्याच्या जागी माझं नाव लिहिलं. घरात होत्या त्या नोटा नेमक्या कोऱ्या निघाल्या, म्हणून तुम्ही शिकवल्याप्रमाणे मधोमध घडी घातली.

निरोपाच्या खोलीत तुम्ही फुलांमध्ये होता, आणि तुमच्या छातीपाशी एक जुनं पाकीट ठेवलेलं होतं. कडा पिवळ्या पडलेल्या. त्यावर माझ्या अक्षरात तुमचं नाव. फुमिको-सान म्हणाल्या, "हे बरोबर द्या म्हणून सांगून ठेवलं होतं त्यांनी. तिकडे कुणी विचारलं तर दाखवायला, म्हणाले." मी तिथेच हमसून रडले, साऱ्या शांत, काळ्या कपड्यांमध्ये एकटीच आवाज करत. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. हे तुमच्या माणसांचे माझ्यावर उपकार आहेत.

आप्पांना यायला जमलं नव्हतं. त्यांनी फोनवर निरोप बोलून पाठवला होता आणि तो फुमिको-सानना ऐकवायचा होता. मी फोन त्यांच्यापुढे धरला. आप्पांचा आवाज नेहमीसारखाच मोठा, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. "वहिनी, सावादासाहेब माझ्या घरी दोनदा जेवले. भाकरी मागून घेतली त्यांनी. आता दर साली नव्या बेदाण्याची पहिली पेटी तुमच्या घरी येणार. एक देठ नसलेली. मी हाय तोवर. शब्द आहे माझा."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, ‘ते दर वर्षी पाठवण्याचा प्रयत्न करतील.’ आठ वर्षांची सवय. मी तुमच्याकडे पाहिलं. मग आप्पांचं वाक्य उचलून जसंच्या तसं पलीकडे ठेवलं. भाकरीसकट, देठासकट, ‘मी हाय तोवर’सकट. फुमिको-सान फोनपुढे वाकल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत. नोव्हेंबरात त्या पांढऱ्या कागदापलीकडच्या बाईंपर्यंत मी काय पोचू दिलं नव्हतं, ते मला तेव्हा दिसलं. एवढं तुम्हाला मान्य करते. एवढंच.

आज तुमचा एकोणपन्नासावा दिवस. आजपर्यंत माणूस अध्येमध्ये असतो आणि आज पुढे जातो, असं तुमच्याकडे मानतात. म्हणून हे घाईने लिहितेय.

परवा नमुन्यांबरोबर आप्पांची पेटी आली. आज विधी उरकून, जेवणं होऊन पाहुणे गेले आणि दुपारी फुमिको-सान व मी दोघीच उरलो. त्यांनी बैठ्या टेबलावर पांढरा कागद अंथरला. चष्मा लावला. मलाही त्यांचा जुना चष्मा दिला. मी म्हटलं, "अहो, तपासायला कशाला हवंय?" त्या म्हणाल्या, "शब्द दिलाय त्यांनी. बघायला नको? न बघणं म्हणजे मनावर न घेणं." अगदी तुमच्यासारख्या बोलल्या. मग आम्ही मूठ मूठ बेदाणे कागदावर पसरून बघत बसलो. हिरवट-सोनेरी, टपोरे. फोटोतून तुम्ही बघत होता. आप्पांच्या घरच्या बायकांनी एकेक हाताने निवडला असणार, नाहीतर इतकं स्वच्छ निघतच नाही. अर्धी पेटी झाली. पाऊण झाली. आप्पा जिंकत होते. म्हणजे तुम्ही जिंकत होता.

शेवटच्या मुठीत फुमिको-सानचं बोट थांबलं. मी चष्म्यावरून पाहिलं. बोटाखाली एक देठ होता. तांदळाच्या दाण्याएवढा. त्यांना वाटलं मी बघत नाहीये. त्यांनी तो उचलला, तोंडात टाकला आणि चावून खाल्ला. वर चहाचा घोट घेतला. मग हात पुसून मला म्हणाल्या, "एकही देठ सापडला नाही. आप्पा-सानना कळवाल का?"

सावादा-सान, मी दुभाषी आहे. तुम्ही मला शिकवलंत की बोलणाऱ्याचा शब्द वाटेत कापायचा नाही. मी तिथेच आप्पांना निरोप लिहिला: फुमिको-सान म्हणतात, एकही देठ सापडला नाही. शब्द न् शब्द तसाच पोचवला. त्यात माझं काही घातलं नाही, काही काढलं नाही.

तिकडे सकाळच असेल, तरी आप्पांचं उत्तर लगेच आलं. "मग! शब्द दिला होता ना!" मी ते फुमिको-सानना जपानीत सांगितलं, तेही सगळंच्या सगळं, त्या ‘मग’सकट. त्यांनी फोटोकडे बघून मान हलवली आणि वाटीभर बेदाणे तुमच्यापुढे ठेवले.

आता सांगा, कोण बरोबर होतं? नाही, राहू दे, नका सांगू. मी दर गुरुवारी फुमिको-सानकडे यायचं ठरवलंय. तुमचा तो नवा मुद्दा तेवढा आठवणीत ठेवा, आणि पुढे गेल्यावर भेटेल त्याला आधी विचारा, जेवलात का.